एकशे एकतीसचा फरक

उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून कुपी काढताना हात भराभर चालवावा लागतो. दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की अलार्म कोकलतो आणि मजल्यावरचा प्रत्येक जण डोकावून जातो. माझ्या दोन कुप्या तिसऱ्या रॅकमध्ये, खालून दुसऱ्या डब्यात होत्या. एकीवर ‘के-१’, दुसरीवर ‘के-२’. दोन्हींत क्लेबसिएला न्यूमोनिए हा जिवाणू, एकाच रुग्णाच्या रक्तातून वाढवलेला, अकरा दिवसांच्या अंतराने. मधल्या काळात रुग्णाला कोलिस्टिन हे प्रतिजैविक चालू होतं. पहिला कोलिस्टिनने मरतो, दुसरा मरत नाही, इतकंच सोबतच्या कागदावर होतं. रुग्ण कोण, वय काय, पुढे काय झालं, हे आमच्यापर्यंत येत नाही. येऊ नये असाच नियम आहे.

या अकरा दिवसांत जिवाणूच्या अंगावर नेमकं काय बदललं, ते शोधणं हे माझं काम. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, सहा महिन्यांत उरकेल. चौदा लागले.

प्लेटवर दोघे जुळे भाऊ. त्याच गोल, चकचकीत, बुळबुळीत कॉलनी. क्लेबसिएलाच्या अंगावर शर्करेचं जाड आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात, आणि ती चकाकी त्याचीच. लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली काडी, कॉलनीला टेकवून अलगद वर उचलला की तार निघते. पाच मिलिमीटरपेक्षा लांब निघाली तर तो जास्तच चिकट प्रकार मानतात. या दोघांची तार तीनेक मिलिमीटरवर तुटायची. डोळ्यांना दिसणारा फरक शून्य.

कॅप्सूलच्या आत खरी गंमत आहे. क्लेबसिएला ग्रॅम-निगेटिव्ह. हान्स ख्रिस्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये रंग देण्याची जी युक्ती प्रसिद्ध केली, तिच्यात हे जिवाणू जांभळा रंग धरून ठेवत नाहीत. कारण त्यांची भित्ती पातळ, आणि तिच्या बाहेर आणखी एक पटल असतं. या बाह्यपटलाच्या बाहेरच्या थरात लायपोपॉलिसॅकराइड खच्चून भरलेलं असतं. उच्चारताना जीभ अडखळते म्हणून सगळे एलपीएसच म्हणतात. एका पेशीवर दहा-वीस लाख रेणू. प्रत्येकाचं बूड म्हणजे लिपिड ए. दोन शर्करा, त्यांना लोंबणाऱ्या मेदाम्लांच्या शेपट्या पटलात रुतलेल्या, आणि दोन टोकांना फॉस्फेट. फॉस्फेटवर ऋण भार असतो. आता शेजारी-शेजारी सगळेच ऋण म्हटल्यावर एकमेकांना ढकलणारच, म्हणून मध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे धन भार बसून त्यांना बांधून ठेवतात. विटांमधला चुनाच म्हणा.

कोलिस्टिन घाव घालतं ते या चुन्यावर. हे औषध १९४०च्या दशकाच्या अखेरीस सापडलं, किडनीला जाच होतो म्हणून १९७०च्या दशकात मागे पडलं, आणि बाकीची औषधं हरू लागल्यावर पुन्हा कपाटातून बाहेर आलं. त्याच्या रेणूवर पाच धन भार असतात. तो लिपिड एच्या फॉस्फेटला जाऊन चिकटतो, मॅग्नेशियमला हुसकावतो, आणि त्याची तेलकट शेपटी पटलात शिरून सगळं खिळखिळं करते. या औषधाची सगळी मदार भारावर आहे. हे मला पुस्तकातून पाठ होतं. अंगवळणी पडायला तीन आठवड्यांची माती व्हावी लागली.

पण त्याआधीची चूक सांगते. मी सरळ कोलिस्टिनच्या डिस्क लावल्या. औषध भिजवलेली कागदाची टिकली जिवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी भोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजायचं. सकाळी पाहते तर दोन्ही प्लेटवर वर्तुळं जवळपास सारखीच, दीड-दोन मिलिमीटरचा फरक. मी प्लेटचे फोटो घेऊन मॅडमकडे गेले. बहुतेक कुप्यांची अदलाबदल झाली असावी, असं सांगायला.

“डिस्क का लावलीस?”

“सगळ्या औषधांना लावतात ना, मॅडम.”

“लावतात. कोलिस्टिनला लावत नाहीत.”

रेणू मोठा, त्यात भारित. प्लेटमधल्या जेलीसारख्या अगारमधून तो धड पसरतच नाही. जिवाणू मरणारा असो की न मरणारा, वर्तुळ इवलंसंच राहतं. युरोप आणि अमेरिका, दोन्हीकडच्या मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी २०१६ मध्ये एकत्र बसून सांगितलं आहे की कोलिस्टिनसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्युशनच करा. मी ते वाचलंही होतं. वाचलेलं आणि हातात उतरलेलं यांत फार अंतर असतं.

मायक्रोडायल्युशन म्हणजे ९६ खळ्यांची प्लेट. प्रत्येक खळीत म्युलर-हिंटन ब्रॉथ, म्हणजे जिवाणूंचं पातळ खाद्य, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणातच हवं. का ते आता सांगायला नको. औषध एका टोकाला जास्त आणि पुढच्या प्रत्येक खळीत निम्मं, मिलिलीटरला मायक्रोग्रॅममध्ये: ६४, ३२, १६, ८, ४, २, १, ०.५. जिवाणूंचं गढूळ पाणी मॅकफार्लंड ०.५ या ठरलेल्या गढूळपणाइतकं करून, मग पातळ करून, मिलिलीटरमागे सुमारे पाच लाख पेशी येतील असं टाकायचं. पस्तीस अंशांवर अठरा तास. ज्या सगळ्यात कमी औषधाच्या खळीत काही वाढलेलं नाही, तो आकडा म्हणजे एमआयसी. दोनपर्यंत आला तर औषध चालतं, दोनच्या वर गेला तर प्रतिरोधी.

करायला सोपं आहे. सकाळी प्लेट उजेडासमोर धरायची, तळाशी पांढरं बटण दिसलं तर वाढ, स्वच्छ तर नाही.

माझ्या के-१चा आकडा पहिल्या दिवशी २ आला. दुसऱ्या दिवशी ४. त्यानंतर पुन्हा २, मग ८. मधल्याच एखाद्या खळीत वाढ नाही आणि तिच्यापुढच्या, जास्त औषधाच्या खळीत आहे, असले दात पडल्यासारखे निकालही आले. औषध नव्याने तोललं. ब्रॉथ नवा केला. पिपेट कॅलिब्रेट करून आणलं. रात्री झोपताना डोळ्यांसमोर पांढरी बटणं यायची. माझ्याच हाताला काहीतरी झालंय असं वाटू लागलं, आणि ही भावना भारी वाईट असते, कारण हात बदलून मिळत नाहीत.

शेवटी सापडलं ते बाजूच्या बाकावरच्या सीनिअरमुळे. तो प्राण्यांच्या पेशी वाढवतो. एका संध्याकाळी माझ्या बाकाजवळ थांबून म्हणाला, “अगं, माझ्या प्लेट तू वापरतेस होय? मी म्हणतोय संपतात कशा.”

पेशी वाढवायच्या प्लेट. तेच ९६ खळ्यांचं पारदर्शक प्लास्टिक, तेच झाकण. फरक एवढाच की पेशी तळाला चिकटाव्यात म्हणून त्या प्लास्टिकवर प्रक्रिया करून त्याला ऋण भार दिलेला असतो. कोलिस्टिनला काय, ऋण भार दिसला की चिकटायचं. जिवाणूपर्यंत पोचायच्या आत माझं अर्धंअधिक औषध प्लास्टिकच्या भिंतींना लागून बसत होतं. साध्या पॉलिस्टायरीनलाही ते थोडं चिकटतंच, म्हणून तर नियम आहे की कसलीही प्रक्रिया न केलेली प्लेट घ्या. मी तीन आठवडे जिवाणूचा नव्हे, डब्याचा एमआयसी काढत बसले होते.

खरं तर हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. प्रत्येक प्लेटवर एक ओळखीचा जिवाणू लावायचा असतो, ज्याचा आकडा जगभर ठाऊक आहे. ई. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा त्यातला नेहमीचा. कोलिस्टिनला त्याचा आकडा ०.२५ ते २ मध्ये यायलाच हवा. मी तो आठवड्यातून एकदा लावत होते, बाकी दिवशी खळ्या वाचवत होते. ज्या दिवशी लावला त्या दिवशी तो नेमका २ वर, म्हणजे मर्यादेच्या कड्यावर आला आणि मी ‘बसतंय’ म्हणून पुढे गेले. आता माझ्या प्रत्येक प्लेटवर दोन कंट्रोल असतात, एक मरणारा आणि एक न मरणारा. खळ्या गेल्या तर गेल्या.

साध्या प्लेटवर के-१चा आकडा ०.५ आला. सलग तीन दिवस तोच. के-२चा ३२, सलग तीन दिवस. त्या तिसऱ्या सकाळी मी प्लेट दहा मिनिटं नुसती हातात धरून उभी होते.

पुढचा जनुकांचा भाग त्या मानाने पटकन झाला. कोलिस्टिनला दाद न देण्याचे दोन मोठे रस्ते. एक उसना: एमसीआर-१ नावाचं जनुक, प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं. चीनमधल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये ते जाहीर केलं तेव्हा खळबळ उडाली होती, कारण तोवर हा प्रतिरोध असा हातोहात जात नाही असा समज होता. के-२ मध्ये ते नव्हतं. दुसरा रस्ता घरचाच. क्लेबसिएलात एमजीआर-बी नावाचं ४७ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन असतं आणि त्याचं काम ब्रेकचं. अंगावरचा भार बदलायची यंत्रणा जिवाणूजवळ तयारच असते, एरवी हे प्रथिन तिला दाबून धरतं. ब्रेक तुटला की यंत्रणा सुसाट.

पीसीआरने या जनुकाच्या प्रती काढल्या आणि जेलवर लांबीप्रमाणे वेगळ्या केल्या. के-१ची पट्टी जिथे असायला हवी तिथे, खाली. के-२ची पट्टी चांगली बाराशे अक्षरांनी जड, वर अडकलेली. सीक्वेन्स आला तेव्हा कळलं की एक उडता तुकडा, आयएस-५ जातीचा, जीनोममध्ये दुसरीकडून उठून नेमका या जनुकाच्या मधोमध जाऊन बसला होता. इतक्या छोट्या जनुकाचे दोन तुकडे झाल्यावर राहतंय काय?

पण जेलवरची पट्टी म्हणजे फक्त संशय. ब्रेक तुटलाय, म्हणून गाडी धावलीच असेल, असं गृहीत धरता येत नाही. पृष्ठभाग बदलला का, हे पृष्ठभागालाच विचारायला हवं. म्हणजे लिपिड ए काढायचं.

लिपिड ए काढायची जुनी पद्धत लांबलचक आहे. मी छोटी पद्धत घेतली: वाळवलेल्या पेशी, त्यात आयसोब्युटिरिक आम्ल आणि अमोनियम हायड्रॉक्साइड, शंभर अंशांवर दोन तास. कागदावर एका ओळीचं काम. त्या आम्लाच्या वासाबद्दल कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं. खवट तूप आणि चार दिवसांचे मोजे एकत्र केले तर साधारण जवळ जाता येईल. सगळं फ्यूम हूडमध्येच केलं, तरी ग्लोव्ह टाकताना एक थेंब ॲप्रनच्या बाहीला लागला आणि दिवसभर मी जिथे जाईन तिथे लोक बूट तपासायचे.

मग मास स्पेक्ट्रोमीटर. धातूच्या पट्टीवर सुईच्या डोक्याएवढे ठिपके वाळवायचे, लेझर मारायचा, उडालेल्या रेणूंचं वजन मोजायचं, आणि लिपिड एवर फॉस्फेट असल्याने यंत्र ऋण मोडमध्ये ठेवायचं. पहिल्या तीन खेपेला पडद्यावर नुसतं गवत. क्षार आणि साध्या पटलातली बाकीची मेदं मध्ये लुडबुडत होती. मिथेनॉलने दोनदाऐवजी चारदा धुतलं. धुताना खालचा गोळा दिसेनासा होत जातो आणि आपण सगळंच ओतून दिलं की काय असं वाटतं.

चौथ्या खेपेला के-१चा ठिपका. १८२४ वर एक उंच, सरळ सुळका, शेजारी १८४० वर एक लहान. क्लेबसिएलाच्या लिपिड एचं हे ओळखीचं वजन. १८४० म्हणजे त्याच रेणूवर एक ऑक्सिजन जादा, सोळाचा फरक.

मग के-२. १८२४ होताच, पण खुजा. आणि पुढे, १९५५ वर, नवा सुळका.

मी कॅल्क्युलेटर काढला. वजाबाकी तोंडी येत होती, तरी काढला. १३१. अमिनोअराबिनोज नावाच्या शर्करेचं, जोडल्यावर भर पडणारं वजन. एमसीआर-१ असतं तर त्याने फॉस्फोइथॅनॉलअमीन जोडलं असतं, भर १२३ ची, आणि सुळका १९४७ वर दिसला असता. नुसत्या आठ आकड्यांच्या अंतरावरून जिवाणू कुठल्या रस्त्याने गेला ते कळतं. ही शर्करा फॉस्फेटवर जाऊन बसते आणि तिच्यावर स्वतःचा धन भार असतो. ऋण झाकला गेला. आता पाच धन भारांचं कोलिस्टिन येऊन चिकटणार कशाला? ना भिंत जाड झाली, ना औषध फोडणारं काही आलं. फक्त लिपिड एची फॉस्फेट झाकली गेली. माझ्या त्या चुकीच्या प्लेटने औषधाला भारावर ओढून घेतलं होतं. या जिवाणूने नेमका तोच भार लपवला.

यंत्रावर बसणाऱ्या ताईंना मी पडदा दाखवला. त्यांच्यासमोरून दिवसाला पन्नास सुळके जातात. “बरं आलंय,” म्हणाल्या आणि पुढचा नमुना लावला.

आता संसर्गाचा प्रश्न. लिपिड ए म्हणजे जिवाणूचं नुसतं बूड नाही, ते विषही आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी कॉलऱ्याच्या मेलेल्या जिवाणूंमध्ये जे ‘एंडोटॉक्सिन’ पाहिलं, त्यातला विषारी भाग हाच. आपल्या पेशी तो टीएलआर-४ नावाच्या ग्राहकाने ओळखतात. ब्रूस ब्युटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये हे दाखवलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ज्या रेणूला औषध पकडतं त्यालाच शरीरही पकडतं. मग औषधापासून लपण्यासाठी रेणू बदलला तर शरीरासमोर जिवाणूचं काही बिघडतं का?

माझी पैज होती की बिघडतं. फुकट काहीच मिळत नाही, के-२ला किंमत मोजावी लागत असणार, तो हळू वाढत असणार. असं म्हणायला आधारही होता. ॲसिनेटोबॅक्टर बॉमनी हा जिवाणू कोलिस्टिन टाळायला कधीकधी एलपीएस बनवणंच बंद करतो, हे २०१० मध्ये दिसलं, आणि मग तो अंगावर काहीच नसल्यासारखा बाकीच्या औषधांपुढे हळवा होतो. के-२ कडूनही मला असलंच काहीतरी हवं होतं. दर पंधरा मिनिटांनी गढूळपणा मोजणारं यंत्र रात्रभर चालवलं. सकाळी दोन वक्र एकमेकांवर असे बसले होते की मी आधी खात्री केली, दोन्ही खळ्यांत एकच स्ट्रेन तर टाकला नाही ना. चार वेळा केलं. चारही वेळा तेच. औषधाशिवाय वीस दिवस रोज नव्या ब्रॉथमध्ये वाढवलं, तरी आकडा ३२ वरून हलला नाही. तुटलेलं जनुक आपोआप जुळत नाही.

मॅक्रोफेजच्या, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या बचावाच्या पेशींसोबत ठेवले तेव्हा के-२ च्या बाजूला धोक्याची घंटा वाजवणारं टीएनएफ थोडं कमीच निघालं. थोडं म्हणजे थोडंच, आलेखावर दांड्या एकमेकींना जवळजवळ टेकत होत्या. २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने एमजीआर-बी तुटलेल्या क्लेबसिएलाबद्दल हेच म्हटलं आहे की तो दुबळा होत नाही, उलट शरीराच्या सुरुवातीच्या बचावाला चुकवतो. माझे आकडे एकट्याने ते म्हणण्याइतके दणकट नाहीत. पैज मात्र हरले.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं: “के-१ मध्ये के-२ आधीपासून नव्हता कशावरून?”

एमआयसीच्या खळीत पडतात जेमतेम पन्नास हजार पेशी. दहा लाखांत एखादी वेगळी असेल तर त्या खळीला तिचा पत्ताही लागायचा नाही. म्हणून के-१ रात्रभर वाढवून त्यातल्या दहा कोटी पेशी मिलिलीटरला ४ मायक्रोग्रॅम कोलिस्टिन असलेल्या अगारवर पसरवल्या. ज्या जिवाणूचा आकडा ०.५, त्याचं तिथे नामोनिशाण उरायला नको. दुसऱ्या दिवशी नऊ कॉलनी. पाचांचा पीसीआर केला. तिघांची पट्टी जड, एकाची आलीच नाही, एकाची जशीच्या तशी. जड तिघांपैकी दोघांत उडता तुकडा के-२ मध्ये होता त्याच जागी.

फ्रीझरमधली के-१ची कुपी एकाच कॉलनीपासून भरलेली आहे, म्हणजे हे नऊ जण रुग्णाकडून आलेले नसावेत, माझ्याच फ्लास्कमध्ये, औषधाचा थेंबही नसताना जन्मले असावेत. पण ‘असावेत’ चालत नाही. कदाचित प्लेटवर औषध लागल्यावरच बदलले असतील. लुरिया आणि डेलब्र्युक यांनी १९४३ मध्ये हाच प्रश्न ज्या युक्तीने सोडवला, तीच वापरली. एका फ्लास्कऐवजी दहा छोट्या ट्यूब, प्रत्येकीत मोजक्या पेशींपासून सुरुवात, रात्रभर वेगवेगळ्या वाढवायच्या आणि सकाळी प्रत्येक ट्यूब आपापल्या औषधाच्या प्लेटवर. औषधामुळे बदल होत असेल तर दहाही प्लेटवर साधारण सारखे आकडे यायला हवेत. बदल आधीच होत असेल तर ज्या ट्यूबमध्ये तो लवकर झाला तिथे पोराबाळांसकट गर्दी, बाकी ठिकाणी शुकशुकाट.

शनिवारी सकाळी लॅबमध्ये कोणी नव्हतं. प्लेट उलट्या करून मार्करने ठिपके देत मोजल्या. ३, ०, ११, १, ०, ६४, २, ०, ५, १. सहावी प्लेट दोनदा मोजली. मग तिच्यावरची एक कॉलनी उचलली, ग्लिसरॉलच्या कुपीत ढवळली, आणि झाकणावर ‘के-१, ट्यूब ६’ लिहिलं. कुपीसोबतच्या जुन्या कागदावर, अकरा दिवस आधीच्या त्या नमुन्यापुढे, एकच शब्द छापलेला होता: संवेदनशील.